सहाव्या गव्हर्नरचं प्रकरण

१

फायलीत एकशे बाराव्या पानानंतर एकदम एकशे बत्तिसावं पान होतं.

"खतीजा, तू मोज," हर्बर्ट अंकल म्हणाले. "माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा नाही."

मी दोनदा मोजलं. एकोणीस पानं नव्हती. क्लिप नीट बसवलेली होती, कागदाचा कपटासुद्धा अडकलेला नव्हता. ज्यानं कुणी पानं काढली, त्यानं घाई केली नव्हती.

मी दुबईत, ऊद मेथातल्या एका इंडियन स्कूलमध्ये लायब्ररियन आहे. मूळची रत्नागिरीची. लायब्ररीत येण्याआधी नऊ वर्षं देऱ्यात एका ट्रेडिंग कंपनीत स्टेनो होते. बिल्डिंगमध्ये मी तिसऱ्या मजल्यावर, तुस्कानो मंडळी पाचव्या. शाळेतली हरवलेली पुस्तकं मी हुडकून काढते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं कुणाचं काही गहाळ झालं की माझीच बेल वाजते. आजवर दोन पासपोर्ट आणि एक पोपट शोधून दिलाय. पण गुरुवारी दुपारी हर्बर्ट अंकल स्वतः दोन मजले उतरून आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी चप्पलसुद्धा न बदलता वर गेले.

हर्बर्ट तुस्कानो वसईचे. वय एकोणऐंशी. तरुणपणी बहारीनला एका इंग्रज साहेबाकडे स्टेनो होते. त्या साहेबाची कॅरिबियन समुद्रातल्या सेंट ऑरेल बेटावर गव्हर्नर म्हणून बदली झाली आणि तो आपल्या स्टेनोला सोबत घेऊन गेला. साहेब तीन वर्षांनी परतला. अंकल पंचवीस वर्षं राहिले. गव्हर्नमेंट हाउसच्या त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी बसून त्यांनी एकामागून एक आठ गव्हर्नर पाहिले. लंडनहून माणूस यायचा, पांढऱ्या पिसांची टोपी घालून शपथ घ्यायचा, आणि बेटाची माहिती होईपर्यंत त्याची जायची वेळ व्हायची. एकानं रस्त्याच्या कडेनं सुरूची झाडं लावली, एकानं गाढवांच्या शर्यती बंद पाडल्या, एकाचं बेटावरच्या निवडून आलेल्या मंडळींशी शेवटपर्यंत जमलं नाही. या आठांचा इतिहास अंकल चार वर्षं लिहीत होते. जुन्या टाइपरायटरवर, एकाच प्रतीत.

उद्या, शुक्रवारी तीन वाजता, ते हस्तलिखित बेटाच्या अभिलेखागारासाठी जाणार होतं. न्यायला येणार होती व्हर्ना, मूळची सेंट ऑरेलची. ती अल बर्शाजवळच्या एका शाळेत शिकवते.

"गेलेलं प्रकरण कुणावर होतं?" मी विचारलं.

"सहावा गव्हर्नर. हॅलम."

"त्यात काय होतं?"

अंकलनी खिडकीकडं बघितलं. "एकोणीसशे शहाऐंशीचं वादळ. लोअर बे नावाचं गाव समुद्रात गेलं. तेवीस माणसं मेली. गाव रिकामं करायचा आदेश हॅलमनं दिलाच नाही. चौकशी झाली, त्याला परत बोलावलं. एवढंच."

एवढंच म्हणत त्यांनी फाइल मिटली.

स्वयंपाकघरातून ओल्गा आंटी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "शोधून काय करणार, खतीजा? गेलं ते गेलं. खलास."

२

पानं सोमवारी संध्याकाळपर्यंत जागेवर होती, हे अंकल खात्रीनं सांगत होते. त्यानंतर त्या खोलीत जाऊ शकणारी माणसं चार. मंगळवारी आलेली व्हर्ना, बुधवारी आलेली अरफा, मुलगी करेन आणि ओल्गा आंटी. जावई डॅरिल पंधरा दिवस मस्कतला होता.

अरफा शारजात, अल नहदाला राहते. अंकलनी टाइप केलेली पानं ती कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची. पाच वाजता ती आली, ट्रॅफिकला शिव्या घालतच. मी कशासाठी थांबलेय हे कळल्यावर तिचे डोळे भरले.

"आपा, बाय गॉड, मी ते चॅप्टर हातातसुद्धा घेतलं नाही. अंकलनी सांगितलं होतं, सिक्स सोडून बाकी सगळे कर. एकदा चुकून उघडलं तर एवढे ओरडले!"

"कधी वाचलंस थोडं तरी?"

"एक पान. त्यावर इतकी खाडाखोड होती! बाकीचे चॅप्टर एका दमात टाइप केलेले असतात. हे त्यांनी तीन वेळा परत केलं. मी रोज आवाज ऐकायचे ना, दोन ओळी टाइप झाल्या की मशीन बंद."

आठपैकी सात गव्हर्नर सरळ बोटांतून उतरले होते आणि एकटा सहावा अडत होता. हे मी लक्षात ठेवलं.

करेन सात वाजता ऑफिसातून आली. बेटावरच जन्मलेली, आता सत्तेचाळीसची. बॅग सोफ्यावर टाकून ती म्हणाली, "खतीजा आपा, मी नाही घेतलं. पण गेलं ते बरं झालं, असं वाटलं हे खरं. पप्पा ते लिहायला लागल्यापासून घरात नीट जेवत नाहीत. ममा त्यांच्याशी धड बोलत नाही. मीच म्हटलं होतं, पप्पा, स्किप इट. सात गव्हर्नर पुरेत."

"त्या वादळातलं तुला काही आठवतं?"

"मी आठ वर्षांची होते. आमचं घर लोअर बेलाच होतं." ती थांबली. "जीप आठवते. गव्हर्नमेंट हाउसची. पप्पा घ्यायला आले, आम्ही टेकडीवर गेलो. ममा रडत होती. मला कळेना का रडते, कारण तेव्हा पाऊससुद्धा सुरू झाला नव्हता."

"पाऊस सुरू झाला नव्हता? नक्की?"

"नक्की. वर पोचल्यावर मी टेकडीवरच्या शाळेच्या पायऱ्यांवर खेळत बसले होते."

मी घरी जायला उठले, पण दारातून परत फिरले. अंकलना विचारलं, "त्या काळातलं आणखी काही आहे का तुमच्याकडं? पत्रं, डायऱ्या?"

"डिक्टेशनच्या वह्या आहेत. ट्रंकेत. पण त्या कोण वाचणार? सगळं शॉर्टहँड."

ट्रंक त्याच खोलीत, टेबलाखाली होती. आत शंभरेक वह्या, सालाप्रमाणे रचलेल्या. फक्त वरची वही भलत्या जागी होती. अठ्ठ्याण्णव सालाच्या गठ्ठ्यावर शहाऐंशीची वही, पुस्तकासारखी समोर ठेवलेली. बाकी सगळ्यांवर धूळ होती. हिच्यावर नव्हती.

मी अंकलना काही बोलले नाही. वही ओढणीखाली घेतली आणि खाली आले.

३

दुसऱ्याचं शॉर्टहँड वाचणं सोपं नसतं. खुणा त्याच, पण प्रत्येकाचा हात वेगळा, प्रत्येकाची घाई वेगळी. दोन तास मी नुसता अंकलचा हात शिकत होते. मग एकवीस ऑगस्टचं पान सापडलं. वर वेळ घातलेली होती, दुपारचे तीन पन्नास. खाली गव्हर्नर हॅलमचं डिक्टेशन. इंग्रजीत चार ओळी. त्यांचा अर्थ असा:

'पोलीस चौकी, लोअर बे यांस. गावातल्या प्रत्येक माणसाला अंधार पडायच्या आत वरच्या शाळेत हलवा. नकार देणाऱ्यांना उचलून न्या. जबाबदारी माझी.'

त्याखाली अंकलच्याच हातची खूण. 'ताबडतोब फोन करणे.'

मी वही मिटली. अडतीस वर्षं ज्या माणसाला तेवीस मृत्यूंसाठी दोषी धरलं गेलं, त्यानं आदेश दिला होता. वादळ पोचायच्या कितीतरी आधी. आणि तो ज्याच्या हातात दिला होता, तो माणूस माझ्या डोक्यावर दोन मजले वर राहत होता.

मग एक गोष्ट उलटी झाली. तोवर मी धरून चालले होते की चोराला काहीतरी लपवायचंय. पण लपवायचं असतं तर ही वही आधी गेली असती. खरं काय ते वहीत होतं. फायलीतल्या एकोणीस पानांत खोटं होतं. चोरानं खोटं नेलं आणि खरं वर काढून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मी व्हर्नाला फोन केला. ती इंग्रजीत बोलली, शांतपणे.

"त्या प्रकरणात काय आहे हे मिस्टर तुस्कानोंनी मला सांगितलंय. मी सहा वर्षांची होते, राजधानीत आईकडं. माझी आजी लोअर बेला होती. मिस आयना म्हणायचे तिला. तुस्कानोंच्या शेजारचंच घर. त्या हॅलमनं काय केलं ते छापून यावं म्हणून तर मी ही सगळी खटपट केली. मी ते कशाला चोरू?"

खरंच होतं. तिला ते प्रकरण हवं होतं. अरफाला आणि करेनला वही म्हणजे नुसत्या रेघोट्या. खरं नेमकं त्याच वहीत आहे हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. अंकलनी स्वतः केलं असतं तर मला बोलवायला आले नसते.

राहिलं एकच माणूस. पण ओल्गा आंटींना शॉर्टहँड येतं, असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

४

शुक्रवारी शाळा बाराला सुटते. साडेबाराला मी पाचव्या मजल्यावर होते. आंटी डायनिंग टेबलाशी कोळंबी सोलत बसल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. अंकल आरामखुर्चीत. करेन आतल्या खोलीत फोनवर.

मी चार हात लांब, खिडकीपाशी उभी राहिले आणि वही उघडली. अंकल ताठ झाले.

"मला थोडं थोडं लागतंय," मी म्हटलं. "ऐका हं. 'गावातल्या प्रत्येक माणसाला उद्या पहाटेपर्यंत वरच्या शाळेत...'"

"अंधार पडायच्या आत," आंटी म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली नव्हती. हातातली कोळंबी तशीच होती. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांनी हात ताटात ठेवले.

अंकल खुर्चीतून पुढं झुकले.

"ओल्गा," अंकल म्हणाले. "तुला वाचता येतं?"

"बांद्र्याला शॉर्टहँडच्या क्लासमध्येच भेटलो ना आपण?"

"तू तीन महिन्यांत सोडलास."

"लग्न ठरलं म्हणून सोडला. पण त्या बेटावर माझ्याशी मराठीत बोलायला कोण होतं, हर्बर्ट? तू सकाळी जायचास तो संध्याकाळी यायचास. जुन्या वह्या घरी आणायचास, त्या मी वाचत बसायची. आधी काही लागायचं नाही. मग तुझा हात लागायला लागला. गव्हर्नरांची सगळी पत्रं मी वाचलीत. तू मला कधी विचारलंच नाहीस."

"आंटी, पानं कुठं आहेत?" मी विचारलं.

"कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये टाकली. मंगळवारीच. हा व्हर्नाला गॅलरीत बिल्डिंगा दाखवत होता तेव्हा." त्यांनी ओल्या हातांनीच चष्मा खाली घेतला. "ती पोरगी हॅलमला शिव्या देत होती. आणि हा मान हलवत होता. मला सहन झालं नाही. वही वर ठेवली ती यानं बघावी म्हणून. म्हटलं, स्वतःचं अक्षर दिसलं तर लाज वाटेल. यानं ट्रंक उघडलीच नाही, सरळ तुला बोलवायला गेला."

अंकलनी सांगायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता.

"त्या मोसमात दोनदा खोटा इशारा झाला होता. लोक हसले होते आम्हाला. तिसऱ्यांदा हॅलमनं डिक्टेशन दिलं आणि तो बंदरावर गेला. मी फोन उचलला. आणि मनात आलं, चौकीला फोन केला की रस्ता गाड्यांनी, माणसांनी भरेल, माझी दोघं खालीच अडकतील. आधी त्यांना आणू. वीस मिनिटांचं काम. परत येऊन फोन करू. जीप खाली उभी होती. परत आलो तेव्हा लाइन गेली होती. मग शिपाई पाठवला, तो अर्ध्या वाटेतून माघारी आला. पूल पाण्याखाली होता."

"आणि चौकशीत?"

"त्यांनी विचारलं, लेखी आदेश आहे का? मी म्हटलं, माझ्यापाशी नाही. टाइप केलेला नव्हताच. हॅलम समोर बसला होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, गावापर्यंत आदेश पोचला नाही, तर दोष गव्हर्नरचा."

"हॅलम वारला," आंटी मला म्हणाल्या. "गेल्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये. पेपरात चार ओळी आल्या, त्यातली एक लोअर बेची होती."

करेन दारात उभी होती. कधीपासून, ते कळलं नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी?"

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वॉचमन सांगत होता, व्हर्ना मॅडम आल्यात. दीडच वाजला होता. ती दीड तास आधी आली होती.

५

व्हर्नानं सोबत केकचा डबा आणला होता. तो तिनं टेबलावर ठेवला आणि आमच्या चेहऱ्यांकडं बघून उभीच राहिली.

"मी सांगतो," अंकल इंग्रजीत म्हणाले आणि उठायला लागले.

"तू बस," आंटी म्हणाल्या. "आधी मी."

आंटींचं इंग्रजी बेटावरचं होतं, सावकाश आणि गोल. त्यांनी सगळं सांगितलं. जीप, आदेश, फोन. मग आंटी थांबल्या आणि मला वाटलं संपलं. पण संपलं नव्हतं.

"हर्बर्टनं मला सांगितलं होतं की गाव खाली करायचंय. मी म्हटलं, शेजारी सांगू? तो म्हणाला, पोलीस येतायत, तू आधी बस. मी बसले. जीप वळत होती तेव्हा तुझ्या आजीनं हाक मारली. 'ओल्गा, कुठं निघालीस?' मी म्हटलं, 'बाजारात.' मी हात केला. तिनंही केला. एक वाक्य होतं गं. मी म्हणू शकले असते. हर्बर्टनं खोटं सांगितलं ते चौकशीत. मी तिला तोंडावर सांगितलं."

एवढी वर्षं आंटी जे उराशी धरून होत्या ते हे होतं. मला चोर सापडला होता, आणि तो सापडला नसता तर बरं, असं तेव्हा वाटलं.

व्हर्ना खुर्चीत बसली. तिनं ओरडावं असं मला वाटत होतं. अंकलनाही वाटत असावं. ते मान खाली घालून वाट बघत होते.

"ती काय करत होती?" व्हर्नानं विचारलं.

"कोण?"

"आजी. तुम्ही तिला शेवटचं बघितलंत तेव्हा. मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. बघणारं कुणी उरलंच नव्हतं."

आंटींनी डोळे पुसले. "कपडे काढत होती दोरीवरचे. पिवळा फ्रॉक होता अंगात. चिमटे तोंडात धरले होते, म्हणून हाक मारायच्या आधी ते तिनं हातात घेतले."

"पिवळा," व्हर्ना म्हणाली. "बरं."

तिनं चहा घेतला नाही. शहाऐंशीची वही मात्र मागून घेतली, मी साध्या इंग्रजीत उतरवून काढलेल्या ओळींसकट. निघताना अंकल म्हणाले, "मला माफ कर, असं मी म्हणणार नाही." ती म्हणाली, "नका म्हणू."

मी तिला मेट्रोपर्यंत सोडायला गेले. रस्त्यात ती एवढंच बोलली, "शाळेत आम्ही हॅलमवर एक घाणेरडं गाणं म्हणायचो. दोरीवरच्या उड्या मारताना. आमची पोरं अजून म्हणतात."

पुढच्या महिन्यात अंकलनी सहावं प्रकरण नव्यानं लिहिलं. सात पानं झाली, खाडाखोड नव्हती. अरफानं ते उतरवलं आणि पहिल्यांदाच ट्रॅफिकला शिव्या न घालता घरी गेली. एक प्रत बेटाला गेली. दुसरी, पत्रासोबत, हॅलमच्या मुलाला इंग्लंडमध्ये. त्याचा पत्ता मीच शोधला. करेननं ते पत्र पोस्ट केलं. त्या दिवसांत ती वडिलांशी कामापुरतंच बोलत होती.

उत्तर मार्चमध्ये करेनच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर आलं. अंकलना बारीक अक्षर वाचवेना, म्हणून त्यांनी मला वर बोलावलं. सगळे बसले होते. मी उभ्यानंच मराठी करत वाचलं.

'प्रिय मिस्टर तुस्कानो, वडिलांना माहीत होतं. तुमची जीप टेकडी चढताना त्यांनी बंदरावरून पाहिली होती. तुमची मुलगी लहान आहे आणि नोकरी गेली तर हा माणूस या परक्या मुलखात कुठं जाईल, असं ते आईला म्हणाले, आणि आम्हाला त्यांनी गप्प राहायला सांगितलं. मुलगी मोठी झाली की तुम्ही स्वतःच लिहाल, याची त्यांना खात्री होती. शेवटपर्यंत ते टपालाची चौकशी करत असत.'

अंकल म्हणाले, "पुन्हा वाच."

मी वाचलं.

"शेवटची ओळ."

मी शेवटची ओळ वाचली. तिसऱ्यांदा त्यांनी बोट वर केलं तेव्हा माझा आवाज फुटेना. करेन उठली, तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं, वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिनं ते त्यांना वाचून दाखवलं.